मुलगी रग्बी खेळायला निघालीये, घरचे विचारतात हेल्मेट कुठाय?

कृष्णाकाठची
रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबेल, पण घरात दोन दिवस हाच एक विषय चाललाय, म्हणून इथे विचारते.

आम्ही सांगलीचे, विश्रामबागला राहतो. थोरली लेक आठवीत आहे. पाचवीपासून कबड्डी खेळते, उजव्या कोपऱ्यात. शुक्रवारी तिच्या क्रीडाशिक्षकांचा फोन आला. रग्बीचा मुलींचा संघ उभा करताहेत, सात जणींचा. म्हणाले, हिची पकड चांगली आहे, हिला पाठवा. पोरगी तेव्हापासून जमिनीवर नाही.

आमचे अण्णा, म्हणजे सासरे, तरुणपणी तालमीत होते. मारुती माने कवठेपिरानचे, त्यांच्या कुस्त्यांच्या गोष्टी आमच्या घरात रोज जेवताना निघतात. त्यामुळे अंगाला अंग भिडणाऱ्या खेळाला अण्णांचा विरोध नाही. पण माझ्या भाच्याने अमेरिकेतून पाठवलेला एक व्हिडिओ त्यांनी पाहिला होता. हेल्मेट, तोंडावर जाळी, खांद्यावर ढालीसारखं प्लास्टिक, आणि माणसं धावत येऊन एकमेकांवर आदळतायत. त्यांना वाटलं हाच रग्बी. मी सांगितलं की नाही अण्णा, तो अमेरिकन फुटबॉल, रग्बीत यातलं काहीच घालत नाहीत. तर ते जास्तच काळजीत पडले. म्हणाले, "एवढं घालूनसुद्धा त्यांना लागतं, मग पोरीला उघड्या डोक्यानं का पाठवताय?"

मला याचं उत्तर देता आलं नाही. तुमच्यापैकी कुणी यातलं खेळलेलं, शिकवलेलं असेल तर सांगा. मंगळवारी शाळेत संमतीपत्र द्यायचंय.


रानवारा
रविवार, रात्री १०.०५

आधी दोन्ही खेळ वेगळे करून सांगतो. चेंडू दोन्हीकडे लांबट अंड्यासारखा, म्हणून गोंधळ होतो. रग्बीचा मोठा प्रकार १५ जणांचा आणि ८० मिनिटांचा. तुमच्या मुलीचा सेव्हन्स, सात-सात मिनिटांची दोन सत्रं. ऑलिंपिकमध्ये २०१६ पासून आहे, पहिली दोन सुवर्णपदकं पुरुषांमध्ये फिजीने नेली. चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही, फक्त बाजूला किंवा मागे. अमेरिकन फुटबॉलमध्ये ११ जण, चेंडू पुढे फेकता येतो, आणि दर काही सेकंदांनी खेळ थांबतो. तासाभराच्या सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो साधारण अकरा मिनिटं.

कुठला जास्त लागणारा हे जाणकार सांगतील. वाचतोय.


डावा कोपरा
सोमवार, सकाळी ६.५०

ताई, मी साताऱ्यात एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे. पंधरा वर्षं कबड्डी खेळलो, गेली सहा वर्षं मुलामुलींना रग्बीही शिकवतो. अण्णांचा प्रश्न मला दर जूनमध्ये पालकसभेत येतो. तेव्हा जे सांगतो तेच इथे सविस्तर लिहितो. मैदानावर जायच्या आधी लिहून टाकतो, मग वेळ मिळत नाही.

अमेरिकन फुटबॉलमध्ये चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. दहा यार्ड म्हणजे नऊ मीटरच्या थोडं वर. तेवढं गेलं की पुन्हा नवे चार प्रयत्न मिळतात. सगळा खेळ या हिशोबावर चालतो, कधी कधी तर मैदानावर साखळी आणून मोजतात. आता बचाव करणाऱ्याच्या जागी उभं राहून बघा. समोरच्याला वीतभर पुढे जाऊ दिलं तर सगळी मेहनत पाण्यात. म्हणून त्याला जिथल्या तिथे थांबवायचा, जमलं तर मागे ढकलायचा. धावत्या माणसाला जागच्या जागी थांबवायचं तर त्याच्या वेगाएवढाच वेग घेऊन समोरून आदळावं लागतं. त्या खेळात हातांनी धरण्याची सक्ती नाही. खांदा घालून नुसतं उडवून दिलं तरी चालतं.

रग्बीत पकडलेला गडी दोन मीटर पुढे जाऊन पडला तरी फार बिघडत नाही. तो पडला की त्याने चेंडू सोडायचा, पकडणाऱ्याने त्याला सोडून बाजूला व्हायचं, आणि बाकीच्यांनी उभ्याने त्या चेंडूसाठी झटायचं. खेळ चालूच राहतो. त्यामुळे पकडणारा समोरच्याच्या पळण्याच्या दिशेनेच त्याला खाली आणतो, आडवा आदळत नाही. नियमही तसाच आहे: हातांनी कव घालावीच लागते, खांद्याच्या रेषेच्या वर हात गेला तर दंड, आणि ज्याच्या हातात चेंडू नाही त्याला हात लावायचा नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू नसलेल्यांना अडवणं हे काही खेळाडूंचं मुख्य कामच असतं. दोन्ही बाजूंचे सव्वाशे-दीडशे किलोचे गडी दर डावाला एकमेकांवर जातात आणि त्यांच्यातल्या बहुतेकांचा चेंडूशी सामनाभर संबंध येत नाही.

आपल्या भाषेत सांगायचं तर रग्बी हा धरण्याचा खेळ आहे आणि अमेरिकन फुटबॉल हा धडकण्याचा. आपल्या भागातल्या पोरांना धरणं लहानपणापासून येतं. कबड्डीची पकड घ्या, नाहीतर कुस्तीतला पट घ्या, म्हणजे पाय धरून पाडायचा डाव. म्हणून तुमच्या मुलीच्या सरांनी कबड्डीच्या संघातून मुली उचलल्या हे अगदी बरोबर केलं.

पण एक सवय मोडावी लागते आणि त्यात मी कधीही घाई करत नाही. कबड्डीत घोटा धरताना डोकं खाली जातं, नजर पायावर असते. रग्बीत हेच चालत नाही. पहिले दोन आठवडे माझ्याकडची मुलं गुडघ्यावर बसूनच पकड करतात. समोरचा चालत येतो, पळत नाही. हनुवटी वर, डोळे उघडे, खांदा त्याच्या मांडीला, आणि आपला गाल त्याच्या कुल्ल्यामागे. डोकं मागच्या बाजूला राहिलं की तो पडताना आपल्या अंगावर येत नाही, आपण त्याच्या अंगावर पडतो. डोकं पुढच्या बाजूला गेलं तर त्याचा गुडघा थेट कानशिलात बसतो. दिवसभर मी मैदानावर "गाल चिकटव, गाल चिकटव" एवढंच ओरडत असतो. मग चालत, मग हलकं पळत. पूर्ण वेगात पकड करायला दीड महिना लागतो.

कबड्डीवाल्यांची आणखी एक सवय सांगतो. आपण चढाईपटू धरला की शिट्टी होईपर्यंत सोडत नाही. रग्बीत जमिनीला टेकला की लगेच सोडायचा. माझ्या मुलींना पहिले काही सामने त्याच चुकीबद्दल दंड होत होता. हात सुटतच नव्हते!

तेव्हा ताई, सरांना एवढंच विचारा की पहिल्या महिन्यात पकड कशी शिकवणार. उत्तरावरून तुम्हाला सगळं कळेल.


कृष्णाकाठची
सोमवार, दुपारी १.१५

सर, एवढ्या सकाळी एवढं लिहिलंत, फार आभार. अण्णांना मोठ्याने वाचून दाखवलं. घोट्याच्या पकडीचं ऐकून त्यांनी मान हलवली. त्यांचा प्रश्न मात्र शिल्लक आहे: धरण्याचा खेळ आहे हे कबूल, पण मग वरून हेल्मेट घातलं तर वाईट काय? कमी लागेल की.


टेक्सासचा तासगावकर
सोमवार, रात्री ११.३०

हेल्मेटबद्दल मी लिहितो, कारण माझ्या घरात ते रोज दारामागे टांगलेलं असतं.

मूळ तासगावचा, इकडे येऊन वीस वर्षं झाली. धाकटा मुलगा हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल संघात लाइनबॅकर, म्हणजे बचावातला गडी आहे. इथे शुक्रवारची रात्र म्हणजे फुटबॉल, सगळं गाव मैदानावर. आपल्याकडे जत्रेतल्या मैदानाला जशी माणसं लोटतात, तशी. मला हा खेळ मनापासून आवडतो. प्रत्येक डावामागे केवढा विचार असतो हे जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही, त्यामुळे त्याला नुसता आदळाआदळीचा खेळ म्हटलेलं मला आवडत नाही.

पण हेल्मेटचा इतिहास मात्र अण्णांना जरूर सांगा.

हा खेळ रग्बीच्याच पोटातून आला. १८८० च्या सुमारास येल विद्यापीठाच्या वॉल्टर कॅम्प यांनी नियम बदलत नेले, चेंडूसाठीची झटापट काढून दोन्ही संघ एका रेषेवर समोरासमोर उभे केले, आणि १८८२ मध्ये ठरावीक प्रयत्नांत ठरावीक अंतराचा नियम आणला. वर सरांनी लिहिलेला दहा यार्डांचा हिशोब तिथून सुरू झाला, तेव्हा तो पाच यार्डांचा होता. त्यानंतर खेळ इतका जीवघेणा झाला की १९०५ च्या एका हंगामात डझनाहून जास्त पोरं मेली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. पुढच्या वर्षी चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली, म्हणजे सगळ्यांची गर्दी एका जागी होऊ नये.

हेल्मेटचा वापर त्यानंतर हळूहळू वाढला. आधी चामड्याचं, मग प्लास्टिकचं. एनएफएलमध्ये, म्हणजे इथल्या व्यावसायिक लीगमध्ये, १९४३ पासून सक्तीचं झालं. कवटी फुटणं त्याने कमी झालं, हे खरंच. पण डोक्याला आता काही होत नाही म्हटल्यावर खेळाडू डोकंच पुढे करून घुसायला लागले. प्रशिक्षकही तसंच शिकवायचे. १९६८ या एका वर्षात मैदानावरच्या थेट दुखापतींनी ३६ जण गेले, आणि मान मोडून कायमचे अंथरुणाला खिळले ते वेगळे. १९७६ मध्ये शाळा-कॉलेजांच्या खेळात डोकं पुढे करून आदळण्यावर बंदी घातली. त्यानंतर आकडा झपाट्याने खाली आला, १९९० साली असा एकही मृत्यू झाला नाही. हेल्मेट आधीही होतं आणि नंतरही होतं. बदलला तो नियम.

आणखी एक गंमतीची गोष्ट आहे. २०१४ मध्ये सिएटल सीहॉक्स या एनएफएल संघाचे तेव्हाचे प्रशिक्षक पीट कॅरोल यांनी पकड शिकवणारा व्हिडिओ काढला, त्यात चक्क रग्बीची पकड दाखवली होती. डोकं बाजूला, खांदा मांडीला, हातांनी कव. माझ्या मुलाच्या शाळेतही आज तसंच शिकवतात. म्हणजे दीडशे वर्षांनी हा खेळ पकडीपुरता आपल्या आईकडे परत आला.

आता घरचं सांगतो. मागच्या हंगामात एका सामन्यात मुलाच्या हेल्मेटला समोरच्याचं हेल्मेट लागलं. तो पडलाही नाही. चालत बाजूला आला, पाणी प्यायला. प्रशिक्षकांना त्याचं चालणं खटकलं आणि त्यांनी त्याला परत आत सोडलं नाही. मला तेव्हा वाटलं, उगाच बसवलं. घरी जाताना गाडीत त्याने मला विचारलं, "बाबा, कोण जिंकलं?" मी सांगितलं. सिग्नलला परत विचारलं. घराच्या दारात गाडी लावली तेव्हा तिसऱ्यांदा विचारलं. त्या वेळी माझे हातपाय गार पडले. तीन आठवडे शाळा अर्धी, फोन बंद, खेळ बंद. आता ठीक आहे. हेल्मेट त्या दिवशीही चांगल्यातलं चांगलं होतं.

इथे २००९ मध्ये वॉशिंग्टन राज्याने कायदा केला, झॅकरी लायस्टेड या मुलाच्या नावाने. तेरा वर्षांचा असताना डोक्याला लागूनही त्याला त्याच सामन्यात परत खेळवलं होतं. आता सगळ्याच राज्यांत असे कायदे आहेत: शंका आली की बाहेर, आणि डॉक्टरांच्या परवानगीशिवाय परत आत नाही.


मिरजेचा फिजिओ
मंगळवार, सकाळी ८.२०

तासगावकर, वाचून अंगावर काटा आला. तुमच्या प्रशिक्षकांनी शंभर टक्के बरोबर केलं.

अण्णांसाठी एक सोपं उदाहरण देतो. सुकलेला नारळ कानाशी धरून हलवला की आत गोटा खुळखुळतो. आता त्या नारळाला वरून गोणपाट गुंडाळा, फोम गुंडाळा, आणि वेगात नेऊन एकदम थांबवा. करवंटी फुटणार नाही. पण आतला गोटा आतूनच करवंटीवर आदळेल. मेंदू असाच द्रवात तरंगत असतो. हेल्मेट करवंटी वाचवतं. वेग अचानक थांबल्याने किंवा मान झटकन फिरल्याने मेंदूला जो हिसका बसतो, त्यावर हेल्मेटचा इलाज फार थोडा.

पिट्सबर्ग स्टीलर्स या एनएफएल संघाचे माजी खेळाडू माइक वेबस्टर २००२ मध्ये पन्नाशीत गेले. शेवटची वर्षं फार हालात काढली. डॉ. बेनेट ओमालू यांनी त्यांचा मेंदू तपासला आणि मुष्टियोद्ध्यांमध्ये आढळणारा ऱ्हास त्यात सापडला. त्याला सीटीई म्हणतात, आणि पक्कं निदान आजही मृत्यूनंतरच होतं. २०१७ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी एनएफएल खेळलेल्या १११ जणांचे मेंदू तपासले, त्यातल्या ११० मध्ये तो होता. हे मेंदू कुटुंबांनी बहुतेक त्रास दिसल्यामुळेच दान केले होते, त्यामुळे सगळ्याच खेळाडूंना होतो असा अर्थ काढू नका. पण आकडा डोळ्यांआड करण्यासारखा नाही. आणि कारण फक्त मोठे फटके नाहीत. दर डावाला बसणारे छोटे छोटे, ज्यांनी माणूस डगमगतही नाही, तेही वर्षानुवर्षं साठत जातात.

आता रग्बीवाल्यांना थोडं कडू सांगतो. डावा कोपरा सर, तुमची धरणं-धडकणं ही फोड मला पटते. पण ती शाळेच्या मैदानावर जितकी खरी आहे तितकी वरच्या पातळीवर राहिलेली नाही. १९९५ मध्ये रग्बी युनियन, म्हणजे १५ जणांचा मोठा प्रकार, व्यावसायिक झाला आणि खेळाडू वजनाने, वेगाने वाढत गेले. २००३ चा विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या संघातला हूकर, म्हणजे पुढच्या फळीतला गडी, स्टीव्ह थॉम्प्सन. त्याला चाळिशीच्या सुरुवातीलाच स्मृतिभ्रंशाचं निदान झालं, आणि तो विश्वचषक जिंकल्याचं त्याला आठवत नाही. त्याने आणि इतर अनेकांनी रग्बीच्या संघटनांवर दावा लावला आहे. फ्रान्समध्ये तरुण खेळाडूंचे जीव गेल्यावर हौशी सामन्यांत पकडीची उंची कमरेपर्यंत आणली. इंग्लंडने २०२३ पासून हौशी खेळात ती छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत आणली.

ताई, हे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. मुलीला पाठवा. माझी मुलगी असती तर मी पाठवली असती. फक्त काही गोष्टी डोळ्यात तेल घालून बघा. डोक्याला लागल्यावर मुलगी बेशुद्ध व्हायलाच हवी असं नाही. तोच तोच प्रश्न विचारणं, उजेड नकोसा होणं, मळमळ, चालताना तोल जाणं, उगाच चिडणं किंवा रडणं, यातलं एक जरी दिसलं तरी त्या दिवशी खेळ संपला. उलट्या व्हायला लागल्या, झोपेतून उठवता येईना, डोकेदुखी वाढतच गेली तर थांबू नका, सरळ दवाखाना. रग्बीत काही जण डोक्यावर घालतात ती मऊ टोपी कान आणि खरचटणं वाचवते, तेवढंच तिचं काम. तोंडातला गार्ड मात्र हवाच. दात आणि जबडा वाचतो. मेंदूच्या संरक्षणाची अपेक्षा त्याच्याकडूनही धरू नका.

आणि मान कमवा. मुलींच्या माना मुलांपेक्षा बारीक असतात, हिसका जास्त बसतो. अण्णा तालमीतले आहेत, मान कशी कमवायची हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल.


तालमीतला
मंगळवार, सकाळी १०.४५

मी कराडचा. गोळेश्वर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक आणलं ते याच मातीतून, त्यामुळे इथल्या प्रत्येक घरात एखादा तरी पैलवान निघतो. माझ्या चुलत्यांचे दोन्ही कान फुटलेले आहेत, घडी घातल्यासारखे. घासून घासून आत रक्त साकळतं आणि तसंच घट्ट होतं. परवा मोबाइलवर रग्बीचे गडी जवळून पाहिले तर पुढच्या फळीतल्यांचे कान तसेच. चुलते म्हणाले, हे आपलेच दिसतात.

डोक्याच्या जागेबद्दल सरांनी लिहिलंय त्यात थोडी भर घालतो. आपण एकेरी पट काढताना कपाळ समोरच्याच्या बरगडीला आतून टेकवतो. मातीत दोघं उभ्या-उभ्या वाकलेले असतात, तिथे ते बरोबर. पण पळत्या माणसाला बाजूने धरताना तीच सवय राहिली तर डोकं त्याच्या पुढ्यात जातं. तेव्हा अण्णांनी नातीला घरी पट शिकवायला घेतला तर आधी सरांशी बोलून घ्यावं.

पडणं मात्र तालमीतलंच शिकवा. मागे पडताना हनुवटी छातीला, आणि हात टेकायचा नाही. मनगट असंच मोडतं.


निदान रेषा
मंगळवार, दुपारी ३.१०

सर, दहा यार्डांमुळे धडक होते हे वाचून एक शंका आली. कबड्डीत तर बोटाचा हिशोब असतो. चढाईपटूचं एक बोट मध्यरेषेला लागलं की त्याला धरणारे सगळे बाद. त्यालाही जिथल्या तिथेच थांबवावा लागतो. मग कबड्डी धडकण्याचा खेळ का झाला नाही?

आणि दुसरं, कबड्डी असताना मुलींनी हा परका खेळ कशाला धरावा असंही वाटतं. राग मानू नका.


डावा कोपरा
मंगळवार, रात्री ९.००

राग कसला, शंका फार चांगली आहे. मी दुपारभर तिच्यावर विचार करत होतो. मला वाटतं उत्तर जागेत आहे. महिलांच्या कबड्डीत अर्धं अंगण सहा मीटरचं, पुरुषांचं साडेसहा. त्यात धावून वेग घ्यायलाच जागा नाही. डॅश मारणारा, म्हणजे चढाईपटूला धक्क्याने बाहेर घालवणारासुद्धा दोन पावलांतून मारतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू झेलणारा वीस-तीस मीटर धावून आलेला असतो, वर मान करून मागे बघत असतो, आणि समोरून येणारा त्याला दिसत नाही. रग्बी या दोघांच्या मधे पडतो. धावायला जागा भरपूर आहे, पण चेंडू मागेच द्यायचा असल्यामुळे बहुतेक वेळा माणसं समोरासमोर येतात, येणारा दिसतो. उंच लाथेचा चेंडू झेलताना मात्र रग्बीतही तोच धोका आहे. म्हणून हवेत असलेल्याला धरायला सक्त मनाई आहे.

फिजिओ साहेब, तुमचं कडू बरोबर आहे. मी मान्य करतो. माझं म्हणणं शाळेपुरतंच धरा.

परका खेळ म्हणाल, तर इंग्लंड आणि स्कॉटलंड दरवर्षी ज्या चषकासाठी रग्बी खेळतात तो कलकत्ता कप आपल्या चांदीच्या रुपयांचा आहे. १८७८ मध्ये कलकत्त्यातला क्लब बंद पडला, तेव्हा बँकेतले रुपये काढून, वितळवून त्यांनी चषक घडवला. त्याच्या कड्या नागाच्या आहेत आणि झाकणावर हत्ती. मला मात्र खेळ कुणाचा यापेक्षा एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. माझ्याकडे कबड्डीच्या संघात जागा न मिळालेल्या तीन मुली होत्या, उंच, लांब पल्ल्याच्या धावणाऱ्या. कबड्डीच्या अंगणात त्यांच्या धावण्याचा उपयोग नव्हता. रग्बीत आल्या आणि फुलल्या. त्यातल्या एकीने पहिल्या सामन्यात अर्धं मैदान एकटीने पळून गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवला तेव्हा तिची आई कठड्याच्या बाहेर उभी राहून रडत होती. भुवनेश्वरच्या आदिवासी शाळेतल्या मुलांनी २००७ मध्ये लंडनला जाऊन चौदा वर्षांखालची शालेय स्पर्धा जिंकली होती, तीही अशीच पळणारी पोरं.

ताई, एक राहिलंच. मैदान बघा. हे मी हेल्मेटच्याही आधी विचारतो. आपल्याकडे शाळांची मैदानं मुरमाची, नाहीतर उन्हाळ्यात दगड झालेल्या काळ्या मातीची. पूर्वी मी जिथे होतो तिथे गवत नव्हतं आणि मागूनही मिळालं नाही. एका वर्षात दोन मुलांची कॉलरबोन मोडली, आणि गुडघ्यांची सालटी तर रोजचीच. पकडीत काही चूक नव्हती, खाली जमीन चुकीची होती. गवत नसेल तर फक्त टॅग रग्बी खेळू द्या. कमरेची पट्टी ओढायची, पकड नाही. धावणं, चेंडू मागे देणं, जागा शोधणं सगळं त्यात शिकता येतं.


कृष्णाकाठची
मंगळवार, रात्री १०.३०

संमतीपत्र अजून दिलेलं नाही. सरांना फोन करून एक दिवस मागून घेतलाय. मैदान मुरमाचंच आहे. उद्या अण्णा आणि मी दोघं शाळेत जातोय.


कृष्णाकाठची
रविवार, रात्री ८.१५ (तीन आठवड्यांनी)

मंडळी, खूप दिवसांनी लिहितेय, पण तुमच्यामुळे बरंच काही झालं म्हणून सांगायलाच हवं.

शाळेत गेलो तेव्हा सरांना मी तुमचाच प्रश्न विचारला, पहिल्या महिन्यात पकड कशी शिकवणार. त्यांनी जे सांगितलं ते जवळपास डावा कोपरा सरांसारखंच निघालं, गुडघ्यावरून सुरुवात. मैदानाचं मात्र त्यांनाही पटत होतं आणि इलाज नव्हता. शेवटी आणखी चार पालकांना गोळा केलं. आता आठवड्यातून तीन दिवस सकाळी सहाला मुली गवत असलेल्या दुसऱ्या मैदानावर जातात, आम्ही आळीपाळीने गाडीतून सोडतो. बाकीचे दिवस शाळेत फक्त टॅग.

अण्णा पहिल्या दिवशी पायरीवर बसून नुसते बघत होते. दुसऱ्या दिवशी सरांना विचारून आत गेले आणि नऊ मुलींना मागे कसं पडायचं ते दाखवलं. एकाहत्तर वर्षांचा माणूस, धोतर खोचून गवतावर पडला आणि हनुवटी छातीला लावून उठून बसला. मुलींनी टाळ्या वाजवल्या. पट त्यांनी शिकवला नाही, तालमीतला यांचं लक्षात ठेवलं. रोज संध्याकाळी नात खाली बसते आणि ते मागे उभे राहून टॉवेल तिच्या कपाळाला लावून धरतात, ती मान रेटते. दहा वेळा पुढे, दहा वेळा मागे, मग दोन्ही बाजूंना.

काल पहिल्यांदा चालत येणाऱ्या मुलीवर तिने पकड केली. मी दहा फुटांवर होते. खांदा लागला, हात मागून एकमेकांत गुंतले आणि दोघी गवतावर बसल्यासारख्या अलगद खाली गेल्या. डोकं मागच्या बाजूलाच होतं. जमिनीवर मात्र हात सुटले नाहीत, सरांनी तीन वेळा "सोड" म्हटल्यावर सुटले.

तासगावकर, मुलगा कसा आहे? अण्णा रोज विचारतात.

फिजिओ साहेब, एक अडचण आहे. गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचा गार्ड आणला, पण दिवाळीनंतर तिच्या दातांना तारा लावायच्या आहेत. मग तोच चालेल की दुसरा घ्यावा लागेल?


मिरजेचा फिजिओ
रविवार, रात्री ८.५०

तो चालणार नाही. तारा लागल्या की दात सरकत राहतात, आत्ता बसवलेला साचा मग बसत नाही. जे डॉक्टर तारा लावणार आहेत त्यांनाच आधी सांगा की मुलगी रग्बी खेळते. तारांवरून बसणारा वेगळा गार्ड मिळतो किंवा माप घेऊन करून देतात. तो हातात येईपर्यंत पकडीचा सराव नको, टॅग चालेल.


टेक्सासचा तासगावकर
रविवार, रात्री ११.०५

अण्णांना नमस्कार सांगा. मुलगा उत्तम आहे, या शुक्रवारी पूर्ण सामना खेळला. टॉवेलचा व्यायाम त्याला आजच दाखवतो.